ठेवायच्या बाहुल्या, बोळवायच्या बाहुल्या

बाहुल्या जमवण्याचा छंद जगात सगळीकडे सारखा रुजलेला नाही. जपान, जर्मनी, अमेरिका या देशांत या छंदाची मंडळे आहेत, संग्रहालये आहेत, जुन्या बाहुल्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत आणि त्यांचा खरेदी-विक्रीचा बाजारही आहे. भारतात बाहुल्या घडवणारे हात असंख्य. पण संग्रह म्हणून त्या जपणारी घरे मोजकी. हा फरक केवळ पैशाचा म्हणावा, तर बाहुल्या जपणारी साधी घरेही जगात पुष्कळ आहेत. बाहुली घरात आली की पुढे तिचे काय होते, हे पाहिले म्हणजे फरक उलगडू लागतो. काही ठिकाणी ती वर्षातून एकदा पेटीतून निघते आणि पुन्हा पेटीत जाते. काही ठिकाणी तिची बोळवण होते. वऱ्हाडात या दोन्ही रीती एकाच घरात, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने पाळल्या जातात. त्यामुळे बाहुल्यांच्या छंदाचा विचार इथून सुरू करणे सोयीचे आहे.

वलगाव हे वऱ्हाडातले, अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीकाठचे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी याच गावाजवळ देह ठेवला, म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. शहर जवळ असल्याने बाजार अमरावतीचा आणि सणवार गावातले, असे इथले राहणे. या पट्ट्यातल्या मुलींच्या हाती आलेल्या पहिल्या बाहुल्या बहुधा चिंध्यांच्या. जुन्या लुगड्याचा तुकडा, आत कापूस, काजळाने काढलेले डोळे. कापसाच्या मुलखात आत भरायला कापसाची वाण कधी पडली नाही. अशी बाहुली फाटली की दुसरी शिवायची. जुनी जपून ठेवावी असे कुणाच्या मनात येत नसे, कारण ती घडवायला एक दुपार पुरत होती.

मातीच्या बाहुल्यांचे तसे नव्हते. भाद्रपदाची पौर्णिमा आली की वऱ्हाडात भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. दोघांच्या मूर्ती कुंभाराकडून आणायच्या, कोनाड्यात किंवा पाटावर मांडायच्या, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा आणि आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी घराघरांत जाऊन गाणी म्हणायची. गाणी संपली की खिरापत. डब्यातला खाऊ कोणता, ते डबा वाजवून ओळखायचे. खानदेशात हीच गुलाबाई होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्यात मात्र मधे असतो तो पाटावर काढलेला हत्ती. तिथे मूर्ती नाही. भुलाबाईभोवती एक महिना मुलींचे सगळे जग गोळा होते. सासरची गाऱ्हाणी, माहेरची ओढ, नणंदेची तक्रार हे सारे त्या मूर्तीपुढे गाऊन सांगितले जाते. कोजागिरीच्या रात्री जागरण होते आणि मग भुलाबाई पाण्यात जाते.

कुंभाराच्या दृष्टीने भुलाबाई हे हंगामी काम. वर्षभर माठ, रांजण आणि दिवाळीच्या पणत्या. पोळ्याला मातीचे बैल, मग गणपती आणि त्यापाठोपाठ भुलाबाई. मूर्तीची माती निवडण्यापासून काम सुरू होते. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला उत्तम. मूर्तीला मात्र ती तशीच वापरता येत नाही. ओली असताना ती फुगते, वाळताना आकसते आणि भेगा पडतात. म्हणून तळ्याचा किंवा नदीचा गाळ आणायचा, खडे वेचायचे, तो भिजत घालायचा, गाळायचा आणि भेगा पडू नयेत म्हणून त्यात राख, लीद किंवा कापूस मळायचा. साच्यातून काढलेली मूर्ती सावलीत वाळवावी लागते. उन्हात ठेवली की मान आणि खांदा जुळतो तिथे ती आधी तडकते. भाद्रपदात ऊन-पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे वाळवणीचे दिवस हाच या धंद्यातला खरा घोर. वाळलेल्या मूर्तीवर खडूचा किंवा चुन्याचा पांढरा हात, त्यावर रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी सगळ्यांनाच जमत नाही. घरात एखाद्याच माणसाचा हात त्यासाठी स्थिर असतो आणि सगळ्या मूर्ती त्या एका हाताची वाट पाहत ओळीने थांबतात.

एवढे कष्ट महिनाभरासाठी घेतले जातात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मूर्ती विरघळते म्हणूनच पुढच्या वर्षी कुंभाराकडे पुन्हा काम येते. मुलींच्या चार पिढ्या एकच गाणे म्हणतात, पण चार पिढ्यांच्या हातची एकच मूर्ती कुठे सापडत नाही. भुलाबाईच्या जुन्या मूर्ती संग्रहालयांतूनही क्वचितच दिसतात, त्याचे कारण हेच. गाणी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी उतरवून घेतली. मूर्तींचे चेहरे, त्यांच्या लुगड्यांचे रंग, कुंभारा-कुंभारातले फरक कुणी तेवढ्या आस्थेने टिपले नाहीत. हे मोठे नुकसान आहे, कारण गाण्याला पाठांतराचा आधार असतो. कच्च्या मातीला तोही नसतो.

त्याच घरात भाद्रपदातच महालक्ष्म्या येतात आणि तिथे रीत उलटी होते. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या वऱ्हाडात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी, सोबत त्यांची मुले. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर बोळवण. बोळवण मात्र अक्षता टाकून आणि मुखवटा जागचा हलवून होते. मुखवटे पाण्यात जात नाहीत. ते मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवले जातात. काही घरांतले मुखवटे तीन-चार पिढ्यांचे आहेत. त्यांना खालून आधार देणाऱ्या कोठ्या, हात, दागिने, नेसवायची लुगडी हे सगळे त्याच पेटीत किंवा तिच्या शेजारी असते. वाटणीत महालक्ष्म्या कुणाकडे जाणार हा प्रश्न शेताच्या वाटणीइतका गंभीरपणे सोडवला जातो. कुठे त्या थोरल्याकडे राहतात, कुठे भावांत पाळीने फिरतात.

पेटी उघडून महालक्ष्म्या उभ्या करण्याच्या कामाला घरातल्या जाणत्या बाईचा हात लागतो. कोठी डगमगू नये, दोघींची उंची सारखी दिसावी, निऱ्या पायाशी एकसारख्या पडाव्यात, मुखवटा किंचितही मागे कलू नये, कारण नजर वर गेली की चेहरा रुसल्यासारखा दिसतो. हे कौशल्य सासूकडून सुनेकडे हातोहात जाते. रंगाचा टवका उडालेला मुखवटा कसा पुसायचा, नथीचे भोक मोठे झाले तर काय करायचे, कोणते लुगडे अंगावर फुगत नाही, हे या घरांतल्या बायकांना चांगले ठाऊक असते. जपानमध्ये किंवा जर्मनीत बाहुली-संग्राहक ज्या गोष्टी पुस्तकांतून आणि मंडळांतून शिकतात, त्यांतल्या पुष्कळ वऱ्हाडातल्या घरात या पेटीभोवती शिकवल्या जातात. महालक्ष्म्यांपुढची आरासही पाहण्यासारखी असते. लाकडी खेळणी, चूल-भांडी, बैलगाडी, बाजार, शेत आणि त्यांच्यामधे बाहुल्या. अमरावतीच्या कारागिरांचे मुखवटे तर पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘अमरावती मुखवटे’ या नावानेच ओळखले जातात. पूर्वी शाडूचे आणि प्लास्टरचे, पुढे फायबरचेही. भरीव गाल, ठसठशीत डोळे आणि तुकतुकीत रंग ही त्यांची खूण.

जपून ठेवण्याची आणखी एक वस्तू म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची. सुताराने एका लाकडात कोरलेला बैल थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आणि पुढे त्याच्या मुलाकडे जातो. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. घरादारावरची इडापिडा सोबत घेऊन जाण्यासाठी केलेल्या त्या भव्य पुतळ्यांचे मिरवणुकीनंतर दहन होते. लाकडी बैल फळीवर परत आणि मारबत जळून राख: जपणे आणि निरोप देणे यांची अशी जोडी एकाच दिवशी विदर्भाबाहेर क्वचितच दिसावी.

दक्षिणेत बाहुल्या जपण्याची घरगुती रीत अधिक ठळक झाली. तमिळ घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू मांडतात, आंध्रात त्याला बोम्मल कोलुवू म्हणतात आणि म्हैसूरकडे गोंबे हब्ब. पायऱ्यांची संख्या विषम ठेवायची, वर देव, मधे संत आणि राजे, खाली बाजारहाट आणि शेत. लाकडी राजा-राणीची जोडी लग्नात मुलीसोबत सासरी जाते आणि दर नवरात्रात एखादी नवी बाहुली घ्यायची पद्धत आहे. वर्षाला एक म्हटले तरी दोन पिढ्यांत मोठा संग्रह उभा राहतो. कोंडापल्ली, एटिकोप्पाका, चन्नपट्टण इथल्या लाकूडकामाला या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक पुरवले. महाराष्ट्रात सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आणि जुन्या वाड्यांतली लाकडाची ठकी होती; पण दर वर्षी एक ठकी घ्यावी असा सण महाराष्ट्रात नव्हता. ठकी खेळण्यात राहिली आणि खेळण्याबरोबर झिजून गेली.

आता जपान. तिथे ३ मार्चला हिना मात्सुरी हा मुलींचा सण असतो. लाल कापडाच्या पायऱ्यांवर सम्राट-सम्राज्ञी, त्यांच्या दासी, वादक, मंत्री अशा बाहुल्या मांडतात. फेब्रुवारीत मांडायच्या आणि सण संपताच लगबगीने पेटीत ठेवायच्या. उशीर झाला तर मुलीचे लग्न लांबते अशी समजूत आहे. संच बहुधा आजीकडून किंवा आईच्या माहेराकडून येतो. पेटीत ठेवताना चेहऱ्यावर मऊ कागद बांधायचा, बाहुलीला उघड्या हाताने धरायचे नाही, कोरड्या हवेचा दिवस पाहून आवराआवर करायची, हे तिथल्या घरांचे नियम. अशा समाजात संग्राहक तयार होण्यासाठी वेगळे शिक्षण लागत नाही. ईशान्य जपानच्या तोहोकू भागात गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या लोकांसाठी लाकूडकातारी कोकेशी बाहुल्या करत. हात-पाय नसलेली, लांबट धडाची आणि गोल डोक्याची ही बाहुली. गावोगावची घराणी वेगळी आणि जाणकाराला रेघांच्या वळणावरून गाव ओळखता येते. नारुको गावच्या कोकेशीचे डोके फिरवले की ती बारीक आवाज करते. आधी मुलांचे खेळणे असलेली ही वस्तू विसाव्या शतकात मोठ्या माणसांनी जमवायला घेतली आणि तिच्यावर पुस्तके, मासिके, प्रदर्शने, स्पर्धा सुरू झाल्या.

जपानने बोळवणही सोडलेली नाही, ही वऱ्हाडच्या वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट. जुन्या बाहुल्या केरात टाकणे तिथे अशुभ आणि कृतघ्नपणाचे मानतात. म्हणून देवळांत त्यांचे आभार मानण्याचे विधी होतात. वाकायामाच्या आवाशिमा देवस्थानात देशभरातून बाहुल्या येतात. आवार त्यांनी भरलेले असते आणि ३ मार्चला काही बाहुल्या होडीत घालून समुद्रात सोडल्या जातात. टोकियोच्या मेइजी देवस्थानातही शरद ऋतूत असा कृतज्ञता-विधी होतो. जपणाऱ्या माणसालाही कधीतरी सोडावे लागते: घर लहान होते, मुली परगावी जातात, आजी जाते. त्या वेळी काय करायचे याचे उत्तर समाजाने आधीच दिलेले असेल तर माणूस निर्धास्तपणे जमवू शकतो.

बाहुल्यांच्या वाट्याला राजकारणही आले. १९२७ साली जपान आणि अमेरिकेतले संबंध ताणलेले असताना सिडनी गुलिक या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने अमेरिकेतून बारा हजारांहून अधिक निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या जपानी शाळांना भेट गेल्या. उत्तरादाखल जपानने ५८ मोठ्या, किमोनो नेसलेल्या बाहुल्या पाठवल्या. युद्ध पेटल्यावर जपानमधल्या बहुतेक अमेरिकन बाहुल्या शत्रूच्या म्हणून जाळल्या-मोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी धोका पत्करून त्या लपवल्या. अशा लपवलेल्या सुमारे तीनशे बाहुल्या पुढे सापडल्या आणि आज त्या शाळांचा ठेवा आहेत. त्या जपणाऱ्या शिक्षकांना कुणी संग्राहक म्हणणार नाही. पण जपण्याची किंमत त्यांच्याइतकी फार थोड्यांनी मोजली असेल.

जर्मनीत या छंदाचा पाया कारखानदारीने घातला. थुरिंगियातले सोनेबर्ग हे खेळण्यांचे गाव. काम घराघरांत वाटलेले असे. कुणी फक्त डोकी ओतायचे, कुणी हात-पाय, कुणी केसांचे टोप, कुणी कपडे; काचेचे डोळे जवळच्या लाउशा गावातून यायचे. वऱ्हाडात एकाच घरात होणारे घडणीचे काम तिथे गावभर विभागले गेले. मजुरी तुटपुंजी आणि लहान मुलेही कामाला जुंपलेली. त्या बाहुल्यांच्या गोऱ्यापान चेहऱ्यांमागे ही गरिबी होती, हे संग्राहकांनी विसरू नये असे वाटते. भाजलेल्या बिनझिलईच्या चिनी मातीच्या या डोक्यांवर मागे मानेपाशी कारखान्याची खूण आणि साच्याचा क्रमांक कोरलेला असे. हा क्रमांक संग्राहकाला फार मोलाचा ठरला, कारण त्यावरून बाहुली कुणी आणि साधारण कधी केली हे सांगता येते. नोंद असलेली वस्तू जमवावीशी वाटते, तिचे मोल ठरते आणि मोल ठरले की बाजार उभा राहतो. सोनेबर्गला १९०१ मध्येच खेळण्यांचे संग्रहालय निघाले. फ्रान्सच्या जुमो आणि ब्रू या घराण्यांच्या बाहुल्यांनाही अशाच खुणांमुळे आज लिलावांत मोठ्या किमती येतात. रशियाची मात्र्योश्का एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घडली. तिला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळाले आणि पुढे ती प्रवाशांची आठवणवस्तू झाली.

अमेरिकेने छंदाला संघटना दिली. तिथल्या बाहुली-मंडळांचा महासंघ १९४९ साली स्थापन झाला. वार्षिक अधिवेशने, स्पर्धांचे निकष, परीक्षकांचे प्रशिक्षण असा त्याचा कारभार. बाहुली अस्सल आहे का, कपडे त्याच काळचे आहेत का, केस बदललेत का, हे तपासण्याची पद्धत या मंडळांनी घालून दिली. रॉचेस्टरच्या मार्गारेट वुडबरी स्ट्राँग या बाईंनी आयुष्यभर जमवलेल्या खेळण्यांतून तिथले प्रसिद्ध खेळ-संग्रहालय उभे राहिले. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी आली आणि छंदाचे माप बदलले. रूथ हँडलर यांना तिची कल्पना सुचली ती बिल्ड लिली या जर्मन बाहुलीवरून. बार्बी मुलींसाठी होती. पण तिच्याशी खेळलेल्या मुली मोठ्या झाल्यावर पुन्हा तिच्याकडे वळल्या आणि कंपनीने मोठ्या माणसांसाठी वेगळ्या मालिका काढल्या. जर्मनीतल्या एका बाईंच्या संग्रहातल्या पंधरा हजार बार्बींची गिनीज बुकात २०११ साली नोंद झाली. १९८३ च्या नाताळात कॅबेज पॅच बाहुल्यांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत चेंगराचेंगरी झाली. तशीच गर्दी अलीकडे चीनच्या पॉप मार्ट कंपनीच्या लबुबू या बाहुलीसाठी जगभर दिसली. बंद खोक्यात कोणता रंग निघेल हे आधी कळत नाही, ही तिच्या विक्रीची युक्ती. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी लबुबू दहा लाख युआनहून अधिक किमतीला गेली. हा छंद आहे की सट्टा, याचा निर्णय बाजार थंडावल्यावर होईल. बाहुली ओळखणारा संग्राहक मात्र त्या खोक्यांतून तयार होत नाही, कारण निवड करण्याची संधीच त्याला मिळत नाही.

भारतातला मोठा संग्रह एका व्यंगचित्रकाराच्या ध्यासातून झाला. के. शंकर पिल्लै यांनी १९४९ पासून मुलांच्या चित्रस्पर्धा सुरू केल्या होत्या. हंगेरीच्या राजदूतांनी स्पर्धेतल्या बक्षिसासाठी एक बाहुली दिली आणि शंकर तिच्या प्रेमात पडले. परदेशी जातील तिथून ते बाहुल्या आणू लागले, त्यांची प्रदर्शने भरवू लागले. ने-आण करताना बाहुल्यांची मोडतोड होऊ लागली, तेव्हा त्यांना कायमचे घर हवे हे स्पष्ट झाले. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उघडले. आज तिथे सुमारे ८५ देशांतल्या सहा हजारांहून अधिक बाहुल्या आहेत. संग्रहालयाला जोडून बाहुल्यांची कार्यशाळाही आहे. तिथे भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख, दागिने, नृत्याच्या मुद्रा अभ्यासून बाहुल्या घडतात आणि परदेशी भेटींच्या बदल्यात त्या पाठवल्या जातात. संग्रह वाढवण्याचा हा मार्ग विकत घेण्यापेक्षा कष्टाचा, पण फार चांगला. कारण घेणाऱ्याला काही देताही येते.

महाराष्ट्रात दिनकर केळकरांनी पुण्यात रोजच्या वापरातल्या वस्तू जमवताना बाहुल्या आणि खेळणीही सोडली नाहीत. अडकित्ते, दिवे, वाद्ये यांच्याबरोबर घरगुती बाहुलीलाही संग्रहात जागा आहे, हे त्यांनी मराठी माणसाला दाखवले आणि पुढे सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा टिकवली; परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले आणि २०२१ च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री मिळाली. यशवंत पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडूनही रामदास पाध्ये यांच्या हाती बोलतो. ‘झपाटलेला’ या १९९३ च्या चित्रपटातला तात्या विंचू त्याच घरात घडला. महाराष्ट्रातल्या एका पिढीला बाहुली म्हटले की आधी तोच आठवतो. या बाहुल्या कामाच्या आहेत, रोज हाताळल्या जाणाऱ्या. सांधे सैल होतात, रंग उडतो, दोऱ्या तुटतात. त्यांची डागडुजी हाच त्यांचा जतनाचा मार्ग.

वऱ्हाडात बाहुल्या जमवू पाहणाऱ्याला मिळणारा माल बराच आहे. अमरावतीत नवरात्रात अंबादेवीच्या यात्रेची दुकाने लागतात, डिसेंबर-जानेवारीत बहिरमची लांबलचक यात्रा भरते, भाद्रपदात कुंभारवाडे आणि मुखवट्यांची दुकाने गजबजतात. अडचण पुढची. इथला उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यानंतर लगेच चार महिने दमट हवा. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवलेली प्लास्टिकची बाहुली काही उन्हाळ्यांत चिकट होते, कारण प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य उष्णतेने बाहेर पाझरते. लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याची जुनी बाहुली तडकते. सेल्युलॉइडच्या बाहुल्या तर चटकन पेट घेणाऱ्या. त्या स्वयंपाकघराच्या जवळपासही नकोत. कपड्यांना कसर लागते, लाकडाला उधई. वापरातला सोपा उपाय म्हणजे डांबराच्या गोळ्या, पण त्या प्लास्टिकला चिकटल्या की डाग पडतात आणि पृष्ठभाग विरघळल्यासारखा होतो. त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून, वाळवलेला कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत घालून, पेटी जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवणे बरे. पावसाळा संपल्यावर सावलीत हवा देणे आवश्यक. उन्हात मात्र नाही, कारण रंग उडतात. कसर लागलेले कापड हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवले तर कीड मरते. संग्रहालयेही ही पद्धत वापरतात. रंगवलेल्या लाकडाला किंवा मेणाला हा उपाय करू नये. कच्च्या मातीच्या मूर्तीला ओले फडके कधीच लावायचे नाही, मऊ कुंचल्याने धूळ झटकायची. महालक्ष्म्यांची पेटी सांभाळणाऱ्या बाईला यातले निम्मेअधिक नवे वाटणार नाही.

परदेशी बाहुल्या मागवणे महाग झाले आहे. खेळण्यांवरची आयातजकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूणही बंधनकारक आहे; हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट मिळाली. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या संग्राहकाला देशी बाहुल्यांकडे वळणे खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरते.

देशी संग्रहात उणीव राहते ती नोंदींची. सोनेबर्गच्या बाहुलीच्या मानेवर क्रमांक असतो, कोकेशीच्या तळाशी कारागिराची सही. वऱ्हाडच्या भुलाबाईवर किंवा लाकडी बैलावर काहीच नसते. म्हणून घेतानाच कारागिराचे नाव, गाव, माती किंवा लाकूड कोणते, रंग कोणता, किंमत किती, कोणत्या सणाला घेतली, हे कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवायला हवे. विसर्जनाची मूर्ती जपण्यासाठी घरची रीत मोडण्याचे कारण नाही. एका जोडीऐवजी दोन जोड्या घ्याव्यात, एक पूजेची आणि एक संग्रहाची. संग्रहातल्या जोडीची स्थापनाच केली नाही तर तिला बोळवण्याचा प्रश्न येत नाही. कुंभारालाही त्यात एका जोडीची जास्त विक्री मिळते. पुढून, बाजूने आणि मागून अशी तीन छायाचित्रे काढली आणि त्या वर्षी मखरासमोर म्हटलेली गाणी मुलींच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर मूर्ती, तिचा कर्ता आणि तिचा उपयोग यांची एकत्र नोंद होते.